गुरुवारची लाइन

१४ मार्च, गुरुवार

ॲडलेडचे डॉक्टर आज व्हिडिओवर ग्लेनिसला तिच्या फुप्फुसांच्या नव्या तपासणीचं सांगत होते. "तर मिसेस पेल्यू, गोष्ट अशी आहे," एवढं म्हणाले आणि तोंड उघडं ठेवून थिजले. इंटरनेट गेलं.

"बघ रे मर्व, अगदी जाळ्यात आलेला मासा," ग्लेनिस म्हणाली.

मी नेहमीप्रमाणे टेबलाखाली शिरलो. राउटर बंद केला, चालू केला, त्याला शिव्या घातल्या. मोबाइलला इथे टेकडी चढल्याशिवाय रेंज नाही. शेवटी डॉक्टरांनी घरच्या जुन्या फोनवर फोन केला आणि तो तिनेच उचलला. मी टेबलाखालून निघालो तेव्हा ती रिसीव्हर ठेवत होती.

"काय म्हणाले?"

"औषधाने जेवढं व्हायचं तेवढं झालं म्हणाले. आता निघतील तेवढे दिवस आपले." मग म्हणाली, "चहा टाक."

मी चहा टाकला. बायकोने असली बातमी एकटीने ऐकली आणि मी तेव्हा वायरींत तोंड खुपसून बसलो होतो, हे काही केल्या मनातून जात नाही. चिडायचं तर कोणावर? डॉक्टर बिचारे भले आहेत. म्हणून ठरवलंय, इंटरनेटचा कायमचा बंदोबस्त करायचा. तेवढं तरी माझ्या हातातलं आहे.

संध्याकाळी टॅमसिनचा व्हिडिओ फोन आला. दर गुरुवारी येतो. मी शेडमध्ये गेलो. मीही दर गुरुवारी जातो. पोरगी डार्विनच्या इस्पितळात नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी ग्लेनिसचं दुखणं कळलं तेव्हा तिचा हट्ट होता, आईला ॲडलेडला हलवा, मोठ्या इस्पितळाजवळ ठेवा. ते झालं नाही. "तू तिला त्या माळावर मारशील, बाबा," असं ती मला म्हणाली, आणि मी म्हणालो, मग बघायला येऊ नकोस. तेव्हापासून ती आईशी बोलते आणि मी शेडमध्ये नट-बोल्टचे पाने ओळीने लावून ठेवतो.

२२ मार्च, शुक्रवार

दुसऱ्या कंपनीची लाइन आली. नवा राउटर घेतला, त्याला दोन तोंडं. एकात पहिली कंपनी, दुसऱ्यात दुसरी. एक मेली की दुसरी उभी राहणार. आमच्या पंपघरात हेच होतं. मोठा पंप आणि शेजारी राखीव पंप. पाणीखात्यात सगळी नोकरी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत काढली, आणि माझ्या पाळीत गावचा नळ कधी कोरडा पडला नाही. स्वतःवर बेहद्द खूश होऊन झोपायला चाललोय.

२५ मार्च, सोमवार

दोन्ही लाइनी एकदम गेल्या. शेजारचा क्लॅरी मेंढ्यांचा ट्रेलर घेऊन चालला होता, त्याला थांबवून सांगितलं. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला.

"अरे शहाण्या, कंपन्या दोन, पण दोघींचा माल त्या टेकडीवरच्या एकाच टॉवरवरून येतो. या बिलावर एकीचं नाव, त्या बिलावर दुसरीचं. एकाच टाकीला दोन नळ लावलेस की तू."

"तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू कोणाला काही विचारतोस?"

ग्लेनिसला सांगितलं तर तिलाही हसू आवरेना, आणि हसता हसता खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही. नाकातली नळी नीट करून ऑक्सिजनचं यंत्र एक घर वाढवलं. तिला हसवणंही आता धोक्याचं झालंय.

३ एप्रिल, बुधवार

दुसरी लाइन रद्द केली आणि उपग्रहाची डिश आणली. तिला टॉवरची गरज नाही, सरळ आभाळाशी बोलते. शेडच्या पत्र्यावर चढून बसवली. गलाह पक्ष्यांचा थवा निलगिरीच्या झाडावर बसून माझ्याकडे बघत होता. हे गुलाबी चोर वायर कुरतडतात, म्हणून वायर लोखंडी नळीतून घेतली.

खाली उतरलो तर ग्लेनिस व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली. ऑक्सिजनची नळी थेट दारापर्यंत ओढत आणली होती.

"बस की जरा," म्हणाली.

"एक टोक जोडायचंय, आलोच," म्हणालो. जोडून होईपर्यंत ती आत गेली होती.

९ एप्रिल, मंगळवार

नवी भानगड. दुपारी टॉवर बंद पडला, पण राउटरने उपग्रहाची लाइन घेतलीच नाही. सगळे दिवे हिरवेगार आणि इंटरनेट ठार. संध्याकाळपर्यंत डोकं खाजवलं तेव्हा उलगडलं. राउटर फक्त टॉवरची लाइन घरात घेणाऱ्या, भिंतीवरच्या पेटीला विचारत होता, 'बरी आहेस का?' पेटी म्हणत होती, 'मी बरी आहे.' पेटी खरंच बरी होती. तिच्या पलीकडे काय जळतंय ते ना तिला ठाऊक, ना याने विचारलं.

आता त्याला सांगून ठेवलंय, जवळच्या पेटीला विचारू नकोस. लांब, सिडनीच्या पलीकडच्या एखाद्या यंत्राला हाक मार. तिथून ओ आली तरच लाइन जिवंत समज.

ग्लेनिसला विचारलं, बरी आहेस ना? बरी आहे म्हणाली. मग मी जेवण करायला घेतलं.

१६ एप्रिल, मंगळवार

टॉवरची लाइन मुद्दाम उपटली. राउटरने थोडा विचार केला आणि उपग्रहावर उडी मारली. परत लावली, परत आला. फक्त उडी मारताना चालू असलेला व्हिडिओ क्षणभर अडकतो. त्याला इलाज नाही.

ग्लेनिस कोचावरून बघत होती. "चालतंय ना? मग आता काय उपटतोस?"

"दर मंगळवारी उपटणार. राखीव पंप आठवड्यातून एकदा चालवलाच पाहिजे. नुसता उभा ठेवला की बेअरिंग धरतात, शाफ्ट जाम होतो. मग ऐन वेळी बटण दाबलं तर नुसता गुरगुरतो."

"हे मी लग्नापासून ऐकतेय."

"मग विचारतेस कशाला?"

ती म्हणाली, "मोठा पंप धड असतानाच चालवायचा?"

"अर्थात. मोठा मेल्यावर चालवून बघितलास तर त्याला चालवणं म्हणत नाहीत, नवस म्हणतात."

"आणि बरीच वर्षं चालवलेलाच नसला तर?"

"तर हळूहळू. पहिल्यांदा अगदी थोडा. आवाज करतो, थरथरतो, करू दे. पुढच्या वेळी जरा जास्त. गरम झाला की मग सुटतो."

"बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने पंपांबद्दल इतकं विचारलं. मला फार बरं वाटलं.

१८ एप्रिल, गुरुवार

शेडमध्ये होतो, तर ग्लेनिसने पितळी घंटा वाजवली. धावत गेलो. मला वाटलं, श्वास.

"चित्र गेलं बघ," म्हणाली, आणि टॅबलेट माझ्या हातात दिला. चित्र कुठे गेलं होतं? टॅमसिन समोर स्वच्छ दिसत होती. नर्सच्या निळ्या कपड्यांतच होती. केस आखूड केलेत तिने.

"ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"येतंय."

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"ठीक आहे मग."

"ठीक आहे."

टॅबलेट परत दिला. राउटरची नोंद बघितली. टॉवरची लाइन पडली नव्हती, उडीही मारली नव्हती. बहुतेक घरातल्या वाय-फायचा दोष असावा. बघतो.

२५ एप्रिल, गुरुवार

ॲन्झॅक डे, लढाईत गेलेल्यांचा स्मरणदिन. पहाटे स्मारकावर एकटाच जाऊन आलो. ग्लेनिसला थंड हवा सोसत नाही. तिच्या नावाचंही रोजमेरीचं पान कोटाला लावलं.

संध्याकाळी पुन्हा तेच. "मर्व, गेलं रे." मी पोचतो तोवर चित्र आलेलं. यावेळी म्हणाली, "तू धरून बस जरा. परत जाईल ते. मी पाणी पिऊन येते." आणि नळी ओढत स्वयंपाकघरात गेली. आमच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

लाइन तपासायची तर कोणीतरी बोलत राहायला हवं. म्हणून मी विचारलं, तिकडे पाऊस संपला का. संपला म्हणाली. मग तिने विचारलं, गाडी कुठली आहे आता. तीच म्हणालो. "अजून? रेडिएटर गळतो तीच?" "आता नाही गळत," म्हणालो. चित्र एकदाही हललं नाही.

खरं सांगायचं तर शेडमध्ये परत गेलो तेव्हा हात थरथरत होते. थंडी पडायला लागलीय.

२ मे, गुरुवार

वाय-फायची पेटी दिवाणखान्यात नवी लावली. उपयोग शून्य. आजही 'गेलं'. यावेळी ग्लेनिसला बेकिंगच्या पुस्तकात काहीतरी बघायचं होतं, म्हणून टॅबलेट माझ्या हातात. टॅमसिनच्या न्हाणीघरातला नळ ठिबकतो. तिने आपला फोन तिथे नेऊन तो मला दाखवला. मी म्हणालो, वायसर गेलाय, आधी मागचा कॉक बंद कर. तिने दोनदा चुकीचा कॉक बंद केला. "तुला शिकवलं होतं की," म्हणालो. "हो, आणि शिकवताना ओरडलाही होतास," ती म्हणाली. पण हसत म्हणाली.

क्लॅरीला हा चमत्कार सांगितला. नेमकी गुरुवारीच लाइन बिघडते, नोंदीत काही सापडत नाही आणि मी हात लावला की नीट होते.

"मग हात लावत जा," क्लॅरी म्हणाला. पेरणीच्या दिवसांत त्याचं डोकं ठिकाणावर नसतं.

१४ मे, मंगळवार

ग्लेनिस आता पलंगापासून खुर्चीपर्यंतच येते. गावातली परिचारिका येऊन गेली. मी बाहेर गाडीपाशी विचारलं, किती? तिने माझ्या दंडावर हात ठेवला. तेवढ्यावरून कळलं.

मंगळवार म्हणून लाइन उपटून बघितली. राखीव चालतेय. चालून काय उपयोग.

संध्याकाळी शेजारी बसलो. ती म्हणाली, "तू मागे राहशील याचीच मला काळजी आहे, जाण्याची नाही." मी म्हणालो, माझी कसली काळजी, मला डबे उघडता येतात. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "होय रे, डबे उघडता येतात तुला."

२३ मे, गुरुवार

आज शांतपणे लिहिता येणार नाही.

ग्लेनिसने 'गेलं' म्हणून टॅबलेट दिला आणि डोळे मिटून घेतले. थकली होती. मी तो घेऊन स्वयंपाकघरात आलो. नळाचं विचारलं. टॅमसिन म्हणाली, नळ राहू दे, आईचे ओठ निळे दिसतायत. अजून वेळ आहे, तिला ॲडलेडला ने. दोन वर्षं झाली बाबा, किती हट्ट करशील?

आणि मी म्हणून गेलो, "माझा हट्ट? मी उद्या नेईन तिला. आत्ता नेईन. त्या पहिल्या महिन्यात मी गाडी भरून दारात उभी केली होती. तीच बसली नाही. म्हणाली, मला माझ्या खिडकीपाशी मरायचंय, लिफ्टच्या आवाजात नाही. आणि टॅमला सांगू नकोस, ती माझ्यावर चिडेल, ते मला सोसणार नाही."

टॅमसिन कॅमेऱ्याच्या जवळ आली. नुसती बघत होती. आणि तिचं तोंड तसंच थिजलं. चित्र गेलं.

मला वाटलं, कापला तिने फोन.  मी तसाच उभा, हातात काळी काच. मग नजर राउटरकडे गेली. टॉवरचा दिवा लाल होता. आज लाइन खरंच पडली होती. बघता बघता त्याने उपग्रह धरला, काच उजळली आणि पोरगी तिथेच होती, गाल पुसत.

"कापलास तू?" तिने विचारलं.

"नाही. टॉवर गेला."

"मला वाटलं तू कापलास."

"मला वाटलं तू."

"मी थांबले होते," ती म्हणाली.

 मग बराच वेळ फोन कोणीच ठेवला नाही.

ग्लेनिसला टॅबलेट परत नेऊन दिला तर तिने विचारलं, "चाललं?" म्हटलं, हो, यावेळी खरीच लाइन गेली होती, पण राखीव उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ऑक्सिजनने डोळे कोरडे पडतात म्हणतात, ते पाणीही आणतं की काय, परिचारिकेला विचारायला हवं.

६ जून, गुरुवार

टॅमसिनने विमानाचं तिकीट काढलंय, पंधरा तारखेचं. आज फोन ग्लेनिसला आलाच नाही, असं म्हटलं तरी चालेल. मी पलंगाच्या कडेला बसून टॅबलेट धरला आणि टॅम माझ्याशीच बोलत होती. क्वान्डाँग या रानफळाच्या पाईचं पीठ कसं मळायचं ते तिला आईला विचारायचं होतं. ग्लेनिस हळूच मला सांगायची, मी मोठ्याने तिला. मध्येच ग्लेनिस गप्प झाली, तर लोणी किती ते मी माझ्याच मनाने सांगितलं. ग्लेनिस डोळे न उघडता म्हणाली, "बरोबर आहे."

आज लाइन एकदाही गेली नाही. ग्लेनिस काही बोलली नाही त्याबद्दल. मीही विसरलो.

११ जून, मंगळवार

काल सकाळी ग्लेनिस गेली. खिडकीचा पडदा उघडा होता. बाहेर गलाह गवतात चरत होते. तिला काही दुखलं नाही असं परिचारिका म्हणाली. मी हात धरला होता. कुठल्याही टेबलाखाली नव्हतो.

टॅमसिनला मीच कळवलं. व्हिडिओवर कळवावं लागलं. ती आधीच्या विमानाने येतेय.

ऑक्सिजनचं यंत्र बंद केलं. दोन वर्षं त्याच्या आवाजात जेवलो, झोपलो. आता घरात जे उरलंय त्याला आवाज नाही. मी मोठ्याने रडलो. ऐकायला कोणी नव्हतं म्हणूनच रडलो.

लाइन उपटून बघितली नाही.

१८ जून, मंगळवार

टॅमसिन आज परत गेली. अंत्यविधी शुक्रवारी झाला. बायकांनी लॅमिंग्टन केकचे इतके ट्रे आणले की क्लॅरी अजून खातोय. आम्ही दोघं बापलेक घरात चांगले वागलो. दोघांनी भांडी घासली. पण एकाच खोलीत समोरासमोर बसलो की मला शब्द सुचत नव्हते, आणि ती आईचे कपडे घड्या करत बसायची. टॅबलेटवर जमत होतं ते टेबलावर जमेना. भाड्याच्या गाडीत बसताना तिने मला मिठी मारली आणि मी म्हणालो, टायरमध्ये हवा बघून घे. याहून मूर्ख माणूस या जिल्ह्यात नसेल.

क्लॅरी म्हणाला, "आता दोन लाइनी कशाला? एक रद्द कर."

खरं म्हणजे दोन्ही करायला हव्यात. गुरुवारी फोन कोणाला यायचा? ती आईला करायची. कंपन्यांना उद्या कळवतो.

२० जून, गुरुवार

काल कळवायचं राहिलं.

संध्याकाळी शेडमध्ये होतो. पाने लावून झाले होते, परत काढून परत लावत होतो. घरात टॅबलेट वाजायला लागला. धावलो, तर दारातल्या ऑक्सिजनच्या नळीत पाय अडकला. ती अजून गुंडाळलेली नाही. वाजायचा थांबेल या भीतीने टॅबलेट कसाही उचलला.

"बाबा?" टॅमसिनचा आवाज. "बाबा, अंगठा."

"काय?"

"कॅमेऱ्यावर अंगठा आहे तुझा. सगळं काळं दिसतंय." मग ती एकदम हसली आणि हसताना आवाज फाटला. "अगदी आईसारखा."

"आईसारखा म्हणजे?"

"ती ठेवायची तसा. दर गुरुवारी. बोलता बोलता मला डोळा मारायची, कॅमेऱ्यावर अंगठा ठेवायची आणि तुला हाक मारायची, मर्व, गेलं रे." तिने नाक पुसलं. "तुला माहीत नव्हतं?"

मी अंगठा काढून खुर्चीत बसलो. नवी वाय-फायची पेटी समोर भिंतीवर लुकलुकत होती.

"तू मला सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू आला असतास?" मग म्हणाली, "मी एकदा विचारलं तिला, आई, हे काय चालवलंयस? ती म्हणाली, मी धड आहे तोवर थोडं थोडं चालवून बघतेय, अजून थरथरतं, पण सुटेल. मला काही कळलं नाही. काय चालवून बघत होती ती, बाबा?"

पंपाचं सांगायला मी तोंड उघडलं.  डोळ्यांसमोरचं सगळं वाहायला लागलं, आणि पोरीला हे दिसू नये म्हणून मी अंगठा उचलून पुन्हा कॅमेऱ्यावर ठेवला, या वेळी जाणूनबुजून.

"लाइन गेली बहुतेक," मी म्हणालो.

"जाऊ दे," टॅमसिन म्हणाली. "येईपर्यंत मी थांबते."

आणि ती थांबली.